कारम

भूदेवीचे उरलेसुरले अकरा दात एका आठवड्यात काढले.
डॉक्टर म्हणाला, मऊ द्या. तिखट बंद.
कवळी तीन महिन्यांनी.
रिक्षात तिनं तोंडाला पदर लावला
आणि अशोक चौक येईपर्यंत माझ्याकडं बघितलं नाही,
जणू मीच उपटले.

मी छत्तीस वर्षं मागावर काढली, चुलीपुढं एकही नाही.
चहा येतो.
अंडं येतं, फुटलं तर.

पहिल्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरलो.
कारखान्यात भोंगा एकदाच व्हायचा,
मोजायची सवय कुठली.
बटाट्यांची सालं आपोआप सुटली, बोटांचीही थोडी.
तांब्याच्या बुडानं ठेचले, दूध घातलं, तूप, मीठ,
आणि ताट तिच्यापुढं ठेवून उभा राहिलो
नवीन पोऱ्या पहिलं कापड दाखवायला उभा राहतो तसा.

तिनं घास घेतला. बराच वेळ तोंडात धरला.
म्हणाली,
'खळ आहे ही. सुताला लाव.'

दोन आठवडे खळ.
एवढं मात्र शिकलो की गुठळी डोळ्यांना दिसत नाही,
अंगठ्याला कळते, ताण्यातल्या गाठीसारखी.
ताट पुसून यायचं, पण ती माझ्यावरच्या दयेनं खायची
आणि ते मला कळायचं.

माझी भाकरी मी मागच्या पायरीवर बसून खायचो.
डब्यात कडक भाकऱ्यांची चळत, तिनंच थापलेली,
दात काढायच्या आधी, माझे हाल होऊ नयेत म्हणून.
पाण्यात बुडवून खायचो.
आवाज नको.

सतराव्या दिवशी तिनं चमचा ताटात उभा रोवला
आणि एकच शब्द म्हणाली, 'कारम.'
पंचेचाळीस वर्षं माझ्याशी मराठीत भांडली ही बाई.
भूक मात्र तेलुगूत लागते तिला.

डॉक्टरला विचारू का, म्हटलं.
तिनं जे उत्तर दिलं ते इथं लिहीत नाही.

शेंगदाणे भाजले, पंख्याखाली सालं उडवली,
घरभर ती गुलाबी टरफलं, सूत पिंजल्यासारखी.
मिक्सर काढला तर जिन्यावरून महानंदा बिराजदार ओरडली,
'काय करालाव मामा? त्यात घालू नगा, तेल सुटत न्हाई!'
आणि स्वतःचा उखळ उचलून आणून दिला,
पोटुशी बाई, ऐकत नाही कुणाचं.

लसूण, जिरं, मीठ, लाल तिखट,
वर दाणे, आणि मुसळ.
ठक्. ठक्. ठक्.
माग भंगारात किलोवर गेला त्याला सात वर्षं झाली.
हात थांबेना माझा.
महानंदा म्हणाली, 'झालं की मामा, तेल आलंय.'
तरी मी आणखी थोडं कुटलं.
चटणीसाठी नव्हतं ते.

तिला दाणा टोचू नये म्हणून चटणी चाळली, पुन्हा कुटली,
गरम बटाट्यात घातली,
पूर्ण कालवली नाही.
पांढऱ्यात लाल पट्टे राहू दिले,
टॉवेलला काठ असतो तसे.
वरून कढत तेल, चर्र.

भूदेवीनं चमचा बाजूला ठेवला.
पानात तंबाखू भरायची ती चिमूट,
दिवसाला हजार विड्या वळलेली,
तेवढीच उचलली आणि जिभेवर ठेवली.
डोळ्यांतून पाणी. नाकातून पाणी.
मी तांब्या पुढं केला, तिनं ढकलला.
दुसरी चिमूट. तिसरी.
मग सगळा हात.

'मीठ कमी,' म्हणाली.

आणि मी नेहमीसारखा डबा घेऊन मागं निघालो तर,
'कुठं चाललास? इथं बस.
सुकीच खा.
जरा मोठ्यानं मोड,
मला ऐकू दे.'